माझा हप्ता, तुझा हप्ता

स्मरणिकेच्या संपादकबाईंचा फोन आला की मी दरवर्षी "बघतो हं" म्हणतो आणि दरवर्षी तारीख चुकवतो. यंदा त्यांनी विषयच देऊन टाकला. "मखरावर लिहा. तुम्ही आणि शेठ इतकी वर्षं मखर करताय, काहीतरी हलकंफुलकं येऊ दे." मी फोनवरच मान डोलावली. लिहायला बसलो आणि २०१७ सालच्या मखरापाशी येऊन अडकलो. त्या वर्षी मखर करणारे दोघं जण एकमेकांशी बोलत नव्हते. का बोलत नव्हते ते सांगायचं तर इथल्या आरोग्यविम्याच्या कायद्याबद्दल लिहावं लागतं. तेव्हा मंडळी, हलकंफुलकं काही जमलेलं नाही. क्षमस्व.

लिहिण्याआधी शेठला विचारलं. "नाव न घालता लिहितो, चालेल?"

"नाव घाल नाहीतर नको घालू, सगळ्यांना कळणारच आहे. पण माझा हप्ता बरोबर लिही."

हप्ता म्हणजे विम्याचा प्रीमियम. मुंबईत हप्ता कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि शेठच्या मते दोन्हींत फारसा फरक नाही.

नव्या सभासदांसाठी सांगतो. शेठ मूळचा साताऱ्याचा. १९८८ साली एम.एस. करायला ओहायोत आला, दहा वर्षं नोकरी केली आणि मग ती सोडून पाट्या आणि बॅनर करायचं दुकान काढलं. तेव्हापासून तो शेठ. दुकानात तो, वहिनी आणि तीन कामगार. मंडळाचे सगळे बॅनर त्याच्याकडेच होतात, आणि त्यांचे पैसे मंडळानं किती वेळा दिले हे कृपया खजिनदारांना विचारू नये. राजकारणात तो पक्का रिपब्लिकन. सरकारनं रस्ते करावेत, सैन्य ठेवावं आणि बाकी वेळ गप्प बसावं, हे त्याचं मत. मी डेमोक्रॅट. एकाच गराजमध्ये, एकाच मखरावर आम्ही पंधरा वर्षं भांडत काम केलं होतं आणि त्या भांडणाची मजाच वाटायची. २०१७ सालचं भांडण तसं नव्हतं.

आधी माझ्या घरची गोष्ट. २००६ साली माझ्या बायकोला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, पाच वर्षांच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा मी मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो, विमा कंपनीचा होता, आणि हॉस्पिटलची बिलं बघून मी फक्त "बापरे" म्हणत असे. भरत नसे. फेब्रुवारी २००९ मध्ये नोकरी गेली. त्या वर्षी ओहायोत मोटारींच्या धंद्यात कुणाची नाही गेली?

नोकरी गेली की जुन्या कंपनीचा विमा स्वतःच्या खिशातून अठरा महिने चालू ठेवता येतो, त्याला कोब्रा म्हणतात. (पुण्यात हा शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात, आणि तो विनोद आपल्या मंडळात इतक्यांदा झालाय की मी करत नाही.) त्या मंदीत सरकारनं काही महिने या हप्त्यातला पासष्ट टक्के वाटा उचलला, म्हणून आम्ही तगलो. ऑगस्ट २०१० मध्ये अठरा महिने संपले. मी तोवर सल्लागार म्हणून सुटी कामं करू लागलो होतो. पोट भरत होतं, पण त्याच्याबरोबर विमा येत नव्हता.

तेव्हा विमा कंपन्या अर्जात आधीचे आजार विचारत आणि अर्ज सरळ परत करत. हिचे दोन अर्ज परत आले. कोब्रा पूर्ण केलेल्याला नियमाप्रमाणे एक पॉलिसी नाकारता येत नाही, असं एका एजंटानं शोधून काढलं. तिचा हप्ता आमच्या घराच्या हप्त्यापेक्षा जास्त होता. मला मात्र रक्तदाबाच्या गोळीसकट एका कंपनीनं घेतलं, थोडं जास्त आकारून. म्हणजे ज्याला गरज नव्हती त्याच्याकडे कार्ड, आणि जिला होती ती बिनविम्याची.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली होती. पण आजारी माणसाला नाकारायचं नाही हा मुख्य नियम १ जानेवारी २०१४ पासून लागू होणार होता. मधल्या काळासाठी ज्यांना कुणी घेत नाही त्यांची एक वेगळी योजना काढली होती. तिची अट अशी की अर्जदार आधी सहा महिने विम्याशिवाय राहिलेला असला पाहिजे. ज्याची पॉलिसी नुकती संपली आहे त्यानं सहा महिने थांबायचं, न आजारी पडता, आणि मग अर्ज करायचा. आम्ही थांबलो. सप्टेंबर ते फेब्रुवारी. त्या हिवाळ्यात ही बर्फात चालताना माझा दंड घट्ट धरायची. मी चिडवायचो, ती हसायची. एप्रिल २०११ मध्ये कार्ड आलं. पुढे २०१४ पासून आम्ही मार्केटप्लेसवर, म्हणजे ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात त्यावर, आलो.

आपल्यातल्या बहुतेकांना कंपनीचा विमा असतो, म्हणून हा कायदा काय करतो ते थोडक्यात. तीन पायांचं स्टूल समजा. पहिला पाय, विमा कंपनीनं आजार बघून कुणाला नाकारायचं नाही की जास्त पैसे लावायचे नाहीत. दुसरा, सगळ्यांनी विमा घ्यायचाच, नाहीतर दंड. नाहीतर लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील. तिसरा, ज्यांना परवडत नाही त्यांना उत्पन्न बघून सरकारची मदत. याखेरीज गरिबांसाठी मेडिकेडची वाढ. ती २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं प्रत्येक राज्याच्या मर्जीवर गेली, आणि ओहायोत ती रिपब्लिकन गव्हर्नर केसिक यांनीच पुढाकार घेऊन आणली. दुसऱ्या पायाची, म्हणजे सक्तीची, कल्पना १९८९ साली हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेनं मांडली होती आणि २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये रॉमनी गव्हर्नर असताना ती अमलात आली. हा मुद्दा मी पॉटलकमध्ये फार ऐटीत मांडत असे. २०१० साली काँग्रेसमध्ये मात्र एकाही रिपब्लिकन सभासदानं कायद्याला मत दिलं नाही, आणि पुढच्या सात वर्षांत त्यांनी प्रतिनिधीगृहात तो सगळा किंवा त्याचा तुकडा मोडायला पन्नासहून जास्त वेळा मतदान केलं. घोषणा होती, "रद्द करा आणि बदला." रद्द काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. बदलून काय आणायचं, यावर त्या पक्षातल्या लोकांचंही जमत नव्हतं.

२०१७ साली राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधीगृह आणि सिनेट तिन्ही त्यांच्याकडे आलं. मार्चमध्ये पहिलं बिल मतदानाआधीच मागे घ्यावं लागलं. ४ मे रोजी सुधारलेलं बिल प्रतिनिधीगृहात २१७ विरुद्ध २१३ मतांनी पास झालं. त्यांच्यातल्या वीस जणांनी विरोधात मत दिलं, तरी झालं. व्हाइट हाउसच्या बागेत सगळे हसत उभे असल्याचं चित्र टीव्हीवर दिवसभर होतं.

शनिवारी, ६ मे रोजी, गणपतीच्या तयारीची पहिली बैठक आमच्या घरी होती. चहा झाला, पोहे झाले, हॉलच्या भाड्यावर चर्चा झाली आणि मग कुणीतरी बिलाचा विषय काढलाच. आठ-दहा जणांत आवाज चढले. मला आता आठवून हसू येतं ते याचं की सगळ्यात मोठ्यानं बोलणारे सगळे कंपनीच्या विम्याचे होते. एक जण स्वातंत्र्यावर बोलत होता, दुसरा कॅनडावर, तिसरा स्वीडनवर. त्यांच्या हप्त्यात त्या बिलानं फारसा फरक पडणार नव्हता. ज्या दोघांच्या घरात पडणार होता ते दोघं गप्प होते, मी आणि शेठ.

मग मी बोललो. म्हणालो, या बिलाप्रमाणे राज्यानं सूट मागितली तर, ज्याचा विमा मध्ये खंडित झाला असेल त्याला कंपनी पुन्हा आजार बघून हप्ता लावू शकेल. आणि वयस्कांना तरुणांच्या तिप्पटच हप्ता लावता येतो, तो पाचपट लावता येईल. माझ्या घरात कॅन्सर होऊन गेलाय, मी पुन्हा त्या दिवसांत जाणार नाही.

शेठनं कप खाली ठेवला. "तुझ्या घरातलं औषध फुकट नाही येत. माझ्या हप्त्यातून येतं. तुझ्या बायकोचे पैसे मी भरतो, चार वर्षं भरतोय, आणि वर तूच मला माणुसकी शिकवतोस."

ही स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती.

मी जे बोललो तेही लिहितो, कारण शेठचंच तेवढं लिहिणं बरोबर नाही. म्हणालो, "मग तसं सरळ लिहा ना बिलात, की हिनं मरावं म्हणजे शेठचा हप्ता कमी होईल."

कुणीच काही बोललं नाही. वहिनींनी पर्स उचलली. दारात त्या हिला "येते गं" म्हणाल्या, ही "ये" म्हणाली, आणि मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

तो उन्हाळा मी टीव्हीसमोर काढला. काँग्रेसच्या बजेट ऑफिसनं हिशोब दिला की हे बिल कायदा झालं तर २०२६ पर्यंत बिनविम्याचे लोक २ कोटी ३० लाखांनी वाढतील. सिनेटमध्ये जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकामागून एक मसुदे पडले. २५ तारखेला बदलायचा मसुदा ४३ विरुद्ध ५७ नं पडला, २६ ला नुसतं रद्द करायचा ४५ विरुद्ध ५५ नं. मग २७ च्या रात्री त्यांनी आठ पानांचं एक आखूड बिल काढलं. मी जागा होतो. मध्यरात्र उलटून दीड वाजला असेल, मॅककेन समोर आले, हात पुढे केला आणि अंगठा खाली. त्यांना स्वतःला त्याच महिन्यात मेंदूचा कर्करोग निघाला होता, डोळ्यावर शस्त्रक्रियेची खूण स्पष्ट दिसत होती. ४९ विरुद्ध ५१. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोघींनीही विरोधात मत दिलं होतं. त्या पूर्ण वेळ ठाम राहिल्या आणि नाव मात्र मॅककेन यांचंच झालं, हे जाता जाता.

मी हिला उठवायला गेलो. "पडलं, बिल पडलं!" ती म्हणाली, "बरं झालं. दिवा घालव."

दुसऱ्या दिवशी शेठला फोन करावासा वाटला, पण काय बोलणार? "जिंकलो" म्हणून?

ऑगस्टमध्ये मखराची वेळ आली. अध्यक्षांना आमचं भांडण ठाऊक होतं, त्यांनी मुद्दामच मखर दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही. पंढरपूरच्या महाद्वाराचा देखावा ठरला होता. फोमबोर्डाचे तुकडे शेठनं दुकानातल्या मशीनवर कापून आणले होते, मी त्याच्या गराजमध्ये ते चिकटवत होतो. तीन संध्याकाळी आम्ही "कटर दे", "हे धर", "डावीकडे" एवढंच बोललो. २४ तारीख, गुरुवार, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. शेठ फोनवर काहीतरी वाचत होता. एकदम म्हणाला, "पॉल्डिंगला कंपनी मिळाली."

पॉल्डिंग ही ओहायोच्या वायव्य कोपऱ्यातली काउंटी. त्या उन्हाळ्यात विमा कंपन्या मार्केटप्लेस सोडून जात होत्या आणि देशातल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये २०१८ साठी विकायला एकही कंपनी उरली नव्हती. एकेक करत सगळ्या भरल्या, शेवटी अख्ख्या देशात एकटी पॉल्डिंग उरली. त्या दिवशी तीही भरली. मला ही बातमी माहीत होती. शेठलाही ती माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, "तू कशाला बघतोस हे?"

"का? मी नाही का विमा घेत?"

मग तो आत गेला आणि खाकी पाकिटांचा एक गठ्ठा घेऊन आला. फोमबोर्डाच्या भुशावरच त्यानं पाकिटं मांडली. २०१३ पर्यंत तो, वहिनी आणि मुलगी यांची पॉलिसी महिना ४८० डॉलरची होती. त्या पॉलिसीत बाळंतपण नव्हतं, पण त्याला बाळंतपण करायचंच नव्हतं. "आवडत असेल तर तुमची पॉलिसी तुमच्याकडेच राहील" असं ओबामांनी जाहीर सांगितलं होतं. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याला पत्र आलं की तुमची पॉलिसी नव्या नियमांत बसत नाही, सबब बंद. लाखो लोकांना आलं तसं. नवी घ्यायला गेला तर ती सरकारी वेबसाइट चालेना. तो महिनाभर रात्री बारानंतर प्रयत्न करत होता. नव्या पॉलिसीचा हप्ता ९१० डॉलर. २०१७ साली, मुलगी नोकरीला लागून वेगळी झाल्यावरही, दोघांचाच ११४०. वर १३,००० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे तेवढे खिशातून गेल्याशिवाय विमा जवळजवळ काही देत नाही. वर्षाला १३,६८० डॉलर भरून त्यानं एकदा रक्त तपासलं होतं आणि एकदा फ्लूची लस घेतली होती.

"मदत?" मी विचारलं.

मदत दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंत मिळत असे. दोघांच्या घराला त्या वर्षी ती मर्यादा ६४,०८० डॉलर होती. एक डॉलर वर गेला की मदत शून्य, पायरी नाही, उतार नाही, थेट कडा. शेठ-वहिनींचं मिळून ७०,००० होत होतं. आमचं ४१,०००. त्यामुळे मला वर्षाला साधारण ११,००० डॉलरची मदत, आणि त्याला काही नाही. मे महिन्यातल्या बिलात मदत उत्पन्नावर नव्हती, वयावर होती. पन्नाशीतल्या माणसाला वर्षाला ३,५०० डॉलर. त्याच्या घरात ७,००० आले असते, आणि माझ्याही घरात ७,०००च. म्हणजे त्याला शून्याचे सात हजार, मला अकराचे सात, आणि वर वयामुळे हप्ता चढणार.

हे सगळं मला आकड्यांनिशी माहीत असायला हवं होतं. मी दोन महिने रोज चार-चार तास बातम्या बघत होतो. माझ्यासारख्यांची गोष्ट सांगणारी माणसं त्यांत रोज दिसायची. शेठसारखा माणूस दुसऱ्या वाहिनीवर दिसत असणार, पण ती वाहिनी मी लावत नव्हतो.

"तुझ्या औषधाचे पैसे मी भरतो म्हणालो ते चुकलं," शेठ म्हणाला.

"हिशोबानं चुकलं नाही," मी म्हणालो. "थोडेसे भरतच होतास."

"हिशोबानं नाही रे. वहिनी दारात होत्या."

मग त्यानं पाकिटं गोळा केली आणि आम्ही महाद्वाराच्या कमानीला चिकटपट्टी लावली. कमान जरा डावीकडे कललेली होती, ज्यांनी फोटो काढलेत त्यांनी बघावं.

शेठचं मत मात्र बदललं नाही. माझंही नाही. २०१९ पासून सक्तीचा दंड शून्यावर आला, तेव्हा आमच्या बाजूचे सगळे म्हणत होते की आता स्टूल कोसळणार. कोसळलं नाही. शेठनं हे मला किमान पंधरा वेळा ऐकवलंय आणि मला उत्तर सुचलेलं नाही. उलट २०२४ च्या वादसभेत ट्रम्प यांना विचारलं की तुमची पर्यायी योजना कुठे आहे, तेव्हा ते म्हणाले की योजनेच्या संकल्पना आहेत. त्या रात्री मी शेठला फोन करून विचारलं, "मखराच्या संकल्पनेवर गणपती बसेल का?" त्यानं फोन ठेवला.

मधे २०२१ साली बायडन यांच्या काळात तो कडा बुजवला गेला. उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त हप्ता भरावा लागणार नाही, उत्पन्न कितीही असो. शेठनं हे मला सांगितलं नाही. वहिनींनी हिला सांगितलं. मीही कधी विषय काढला नाही, एवढं शहाणपण २०१७ नं दिलं होतं. ही सवलत २०२५ अखेरपर्यंतच होती. ती वाढवायची की नाही यावरून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असं त्रेचाळीस दिवस सरकार बंद राहिलं, आणि सवलत वाढली नाही ती नाहीच. १ जानेवारी २०२६ ला कडा परत आला. दोघांच्या घराला ८४,६०० डॉलरवर.

मी २०२४ पासून मेडिकेअरवर. ही अजून मार्केटप्लेसवर, पण आमचं उत्पन्न कमी म्हणून तिचा हप्ता थोडाच वाढला. शेठ चौसष्टचा, वहिनी बासष्टच्या. दुकान बरं चाललेलं, दोघांचं मिळून १,०८,००० डॉलर. २०२५ मध्ये हप्ता ७६५ डॉलर होता. जानेवारीचं बिल २,५४० डॉलरचं आलं. महिन्याचं.

१० जानेवारीला शनिवारी संध्याकाळी दोघं आमच्याकडे आले. संक्रांत चार दिवसांवर होती, हिचे तिळाचे लाडू चालले होते. पॉलिसी बदलायची शेवटची तारीख १५. शेठ टेबलावर कागद घेऊन बसला, मी कॅल्क्युलेटर घेऊन. निवृत्तीच्या खात्यात पैसे टाकून उत्पन्न मर्यादेखाली आणता येईल का ते पाहिलं. टाकायला तेवढे पैसे हातात नव्हते. शनिवारी दुकान बंद ठेवून उत्पन्न कमी करावं का, हेही पाहिलं. चाळीस वर्षं अमेरिकेत राबलेला माणूस कमी कसं कमवावं याचा हिशोब करत होता. मला एकदा बोलायची फार इच्छा झाली, की तुझ्याच पक्षानं केलं हे. बोललो नाही.

शेवटी शेठनं पेन ठेवलं. "सोपं आहे. हिची पॉलिसी ठेवतो, माझी सोडतो. सप्टेंबरात मला पासष्ट पूर्ण, मेडिकेअर लागेल. आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे. आजवर काय झालंय मला? तुझ्या बायकोनं नाही काढले सहा महिने?"

वहिनी गप्प होत्या. त्यांनी हे घरी आधीच ऐकलेलं दिसत होतं. मला वाटलं आपण काही म्हणावं, पण तिचे सहा महिने ही माझीही नेहमीची गोष्ट झाली होती. "आम्ही नाही का काढले" असं मीच किती जणांना सांगितलं होतं.

ही लाडू वळता वळता म्हणाली, "भाऊजी, त्यातल्या जानेवारीत मला गाठ लागली होती."

मी तिच्याकडे बघितलं.

"डाव्या बाजूला. आंघोळ करताना. तपासायला गेले असते तर ती नोंद झाली असती, आणि बिल घरावर आलं असतं. म्हणून गेले नाही. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी नेलंच असतं, घर विकून. म्हणून ह्यांनाही सांगितलं नाही. कार्ड येईपर्यंत अकरा आठवडे. रोज आंघोळीला गेले की हात लावून बघायची, वाढली का. मग दाखवलं. काही नव्हतं, जुन्या टाक्यांपाशी घट्ट झालेलं होतं नुसतं."

पंधरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मी तिचा नवरा, त्याच घरात होतो, तिला चिडवत होतो की बर्फाला घाबरतेस.

"तुम्ही राहाल आठ महिने ठणठणीत," ती शेठला म्हणाली. "पण वहिनीला सांगणार का, काही लागलं हाताला तर?"

शेठ काही बोलला नाही. वहिनींनी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि त्या उरलेले लाडू वळायला बसल्या. बऱ्याच वेळानं शेठनं कागद पुन्हा समोर ओढला आणि मला म्हणाला, "त्यातली सगळ्यात स्वस्त काढ. दोघांची."

सगळ्यात स्वस्त म्हणजे ब्राँझ. दर माणशी ९,००० डॉलर डिडक्टिबल. आम्ही दहा वाजेपर्यंत फॉर्म भरला. वेबसाइट या वेळी चालली. १ फेब्रुवारीपासून लागू. हप्ता दोघांचा मिळून १,९६० डॉलर महिना. हा आकडा शेठनं स्वतः तपासला आहे.